केबल बंद करून ओटीटीवर जाताना: बिलापासून रिमोटवरच्या चिकटपट्टीपर्यंत

आमच्याकडे केबलवाल्याचा मुलगा दर महिन्याच्या पाच तारखेला यायचा. हॉलमधला एक आणि आईच्या खोलीतला एक, अशा दोन टीव्हींचे मिळून ७६० रुपये. घरून काम आणि मुलाचे क्लास यांच्यासाठी घेतलेल्या इंटरनेटचे ५८९ वेगळे. म्हणजे साडेतेराशे रुपये ठरलेलेच, शिवाय कुठल्याशा ॲपचे पैसे ऑटोपेने कापले जात होते, ते कुणी आणि कधी सुरू केलं हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. सव्वा वर्षापूर्वी आम्ही केबल काढली आणि ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या ॲप्सवर, टीव्ही बघायला लागलो. वाचले किती ते शेवटी सांगतो. पहिल्या वर्षाचा आकडा आत्ताच सांगितला तर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. ज्या घरात वायफाय नाही, माणसं दोनच आणि बघणं म्हणजे संध्याकाळच्या तीन मालिका आणि रात्रीच्या बातम्या, त्या घराने केबल काढून नवीन फायबर इंटरनेट घेतलं तर खर्च वाढेल. पैसे वाचतात ते इंटरनेट आधीपासून घरात आहे आणि त्याचं बिल तसंही भरावंच लागतंय अशा घरांचे. तुम्ही पहिल्या प्रकारात असाल तर खाली बिलाची छाटणी आणि फ्री डिश (दूरदर्शनची बिनबिलाची छत्री) एवढंच वाचा, बाकीचं सोडून दिलं तरी चालेल.

आधी बिल सोलून बघा

१ फेब्रुवारी २०१९पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नव्या दररचनेप्रमाणे केबलचं आणि डिशचं बिल दोन भागांत येतं. एक भाग नुसत्या जोडणीचा, त्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. बिलावर 'एनसीएफ' असं लिहिलेलं असतं. दुसरा भाग पैसे मोजून घ्यायच्या चॅनेलांचा, म्हणजे पे चॅनेलांचा. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. सुरुवातीला १०० चॅनेलांपर्यंत जोडणीचे जास्तीत जास्त १३० रुपये घेता यायचे, म्हणजे जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२०मध्ये तेवढ्याच पैशांत २०० चॅनेल द्यायचे आणि घरातल्या दुसऱ्या टीव्हीला या फीच्या ४० टक्क्यांहून जास्त लावायचं नाही असं ठरलं. जुलै २०२४मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आता हा आकडा कंपनीगणिक वेगळा असू शकतो.

आमचं बिल असं होतं. पहिल्या टीव्हीला १३० अधिक २३० रुपयांचा पॅक, त्यावर जीएसटी, झाले ४२४ रुपये ८० पैसे. दुसऱ्या टीव्हीला ५२ अधिक पुन्हा तोच २३०चा पॅक, त्यावर जीएसटी, झाले ३३२ रुपये ७६ पैसे. बेरीज ७५७ रुपये ५६ पैसे, आणि सुट्टे नाहीत म्हणून ७६०.

यातली गंमत लक्षात आली का? आईच्या खोलीतल्या टीव्हीवर तोच २३०चा पॅक चालू होता, ज्यात खेळाची चॅनेलं होती, कार्टून होती आणि इंग्रजी बातम्याही होत्या. आई बघते दोन मराठी चॅनेलं. पाच वर्षं आम्ही तिच्या खोलीत कुस्ती आणि फुटबॉलचे पैसे भरत होतो.

म्हणून केबल काढायच्या आधी नुसती छाटणी करून बघा. पॅक मोडून हवी ती चॅनेलं सुटी घेता येतात, हा हक्क २०१९च्या नियमांनीच दिलेला आहे. केबलवाला 'तसं होत नाही' म्हणतो, पण होतं. मोठ्या केबल कंपन्यांच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर आपलं आपल्याला करता येतं, आणि डिश असेल तर आणखी सोपं. चॅनेलं मोजताना एक एचडी चॅनेल दोन साध्या चॅनेलांबरोबर धरलं जातं, तेव्हा जिथे बत्तीस इंची जुना टीव्ही आहे तिथे एचडीचा हट्ट सोडा. एवढं करून बिल अडीचशेच्या आत आलं आणि घरात सगळे खूश असतील, तर पुढचा खटाटोप कशाला?

पंधरा दिवसांची वही

टीव्हीखालच्या खणात एक वही आणि पेन ठेवा. ज्याने टीव्ही लावला त्याने चॅनेलचं नाव आणि वेळ लिहायची. पंधरा दिवस पुरतात, पण त्यात दोन शनिवार-रविवार यायला हवेत, आणि सणाचा किंवा क्रिकेट मालिकेचा पंधरवडा धरू नका. त्या दिवसांत घर नेहमीसारखं वागत नाही.

आमच्या वहीत निघालं ते असं. साडेतीनशेच्या आसपास चॅनेलं येत होती, त्यातली अकरा लागली. त्या अकरातली चार बातम्यांची. मुलाने पंधरा दिवसांत केबल एकदाही लावली नव्हती, तो सगळं फोनवरच बघतो. बायको रात्री जेवताना जे लागलेलं असेल ते बघते, म्हणजे तिला निवड करायचीच नसते. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण ओटीटीवर 'जे लागलेलं असेल ते' असं काही नसतं. प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. दमून आलेल्या माणसाला त्याचा वैताग येतो. हे नुकसान पैशांत मोजता येत नाही, पण होतं.

कुठलं चॅनेल कुठे सापडतं

वहीतल्या प्रत्येक नावापुढे आता ॲपचं नाव लिहायचं. झी मराठीच्या मालिका झी५वर. स्टार प्रवाह जिओहॉटस्टारवर, आणि कलर्स मराठीही तिथेच, कारण फेब्रुवारी २०२५मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार ही दोन ॲप्स एकत्र होऊन हे एक ॲप झालं. सोनी मराठी सोनीलिव्हवर. सन मराठी सन नेक्स्टवर.

बातम्यांना एक पैसाही लागत नाही. एबीपी माझा, टीव्ही नाइन मराठी, झी २४ तास, साम ही सगळी यूट्यूबवर थेट चालू असतात. आमच्या वहीतल्या अकरापैकी चार चॅनेलं इथेच फुकटात निघाली.

दूरदर्शनची चॅनेलं प्रसार भारतीच्या वेव्हज या ॲपवर आहेत. हे ॲप २० नोव्हेंबर २०२४ला गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं आणि त्यावर सह्याद्री वाहिनीही दिसते.

आता वहीत पैसे देऊन घ्यायची ॲप्स किती उरली ते मोजा. दोन उरली तर केबल काढण्यात फायदा आहे. चार उरली तर पुन्हा विचार करा, कारण चार ॲप्स मिळून केबलचंच बिल तयार होतं, फक्त ते चार वेगळ्या तारखांना कापलं जातं म्हणून टोचत नाही.

इंटरनेट किती लागतं

विकणारे दोनशे-तीनशे एमबीपीएसचे (हे इंटरनेटच्या वेगाचं माप) प्लॅन गळ्यात मारतात. एवढं लागत नाही. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात आणि फोर-केला १५. दोन टीव्ही फुल एचडीवर आणि तीन फोन चालू, असं धरलं तरी ३० ते ४० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये भागतं. ४९९चा प्लॅन जीएसटीसकट ५८९ला पडतो, ३९९चा ४७१ला. जाहिरातीतला आकडा जीएसटीशिवायचा असतो, हे हिशेबात विसरू नका.

वेगापेक्षा वेळ बघा. रात्री नऊ वाजता, जेव्हा अख्खी सोसायटी नेटवर असते, तेव्हा टीव्हीच्या जागी उभं राहून फोनवर वेग मोजणारी फास्ट डॉट कॉम ही साइट उघडा आणि आकडा लिहून ठेवा. तीन रात्री असं करा. सकाळी अकराला येणारा आकडा काही कामाचा नाही.

डेटाचं गणितही करून ठेवा. एचडीला तासाला सुमारे ३ जीबी जातात. रोज तीन तास, महिन्याला २७० जीबी, दोन टीव्ही धरले तर ५४०. बऱ्याच फायबर प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, त्यात हे आरामात बसतं. छोट्या स्थानिक कंपन्यांचे काही प्लॅन कमी डेटाचे असतात, तिथे मात्र विचारून घ्या.

मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. रोज २ जीबीचा पॅक एचडीमध्ये चाळीस मिनिटांत संपतो. साडेसातला मालिका लावली तर आठ-दहाला चाक फिरायला लागतं, तेही नेमकं दुसऱ्या मालिकेत कुणीतरी दारात येऊन उभं असतं तेव्हा.

टीव्ही नवा घेऊ नका

खर्च वाचवायला निघालेल्या माणसाने चाळीस हजारांचा टीव्ही आणल्याची उदाहरणं माझ्या ओळखीत तीन आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा यातले दोन टीव्ही आले. 'तसंही स्वस्त झालाय' हे वाक्य फार महागात पडतं.

टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं छिद्र आहे का बघा. असेल तर त्यात स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे ॲप्स चालवणारी बोटाएवढी कांडी, लावून तो टीव्ही स्मार्ट होतो. आईच्या खोलीतला टीव्ही दहा वर्षांचा आहे, त्याला आम्ही ३,३०० रुपयांची स्टिक लावली आणि तो हॉलमधल्या स्मार्ट टीव्हीपेक्षा चपळ चालतो. जुन्या स्मार्ट टीव्हींचं हेच दुखणं असतं. पडदा उत्तम असतो, पण आतली ॲप्स अपडेट होणं बंद होतं आणि एक दिवस ॲप उघडतच नाही. तिथेही टीव्ही बदलण्याऐवजी स्टिकच लावावी.

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. बहुतेक जण तसंच करतात, कारण वायर लपते. पण जुन्या टीव्हीच्या यूएसबीतून पुरेशी वीज येत नाही, स्टिक मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि माणूस इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो. सोबत आलेला ॲडाप्टर भिंतीच्या बोर्डातच लावा.

मागे नुसती लाल-पिवळी-पांढरी छिद्रं असलेला, पोटाचा जुना टीव्ही असेल तर त्याच्या नादी लागू नका. कन्व्हर्टर मिळतो, पण ॲपमधली अक्षरं त्या पडद्यावर वाचता येत नाहीत. त्याला फ्री डिश जोडा.

राउटर कुठे बसतो

फायबर जोडणारा माणूस राउटर दाराजवळ ठोकून जातो, कारण त्याची वायर तिथे संपते. टीव्ही असतो घराच्या दुसऱ्या टोकाला. राउटरची बहुधा दोन नेटवर्कं असतात. पाच गिगाहर्ट्झचं जोरात चालतं पण भिंतीत अडकतं, २.४चं सावकाश चालतं पण भिंत ओलांडतं. एकाच खोलीत असाल तर टीव्हीला पाचचं द्या, मध्ये दोन भिंती असतील तर २.४चं. जुन्या दगडी वाड्यात किंवा जाड भिंतींच्या गावच्या घरात दोन्ही हरतात. तिथे वीस-तीस मीटर लॅन केबल विकत घेऊन सरळ टीव्हीत खुपसणं हा सगळ्यात स्वस्त आणि कायमचा उपाय आहे. स्टिकला लॅन लावायला वेगळा छोटा जोड मिळतो.

लाइट जाण्याचा त्रास असेल तर राउटरला मिनी यूपीएस, म्हणजे छोटी बॅटरी, लावा. घेण्याआधी राउटरच्या ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचा, बहुतेक १२ व्होल्टचे असतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागेल, हे आम्ही घेतल्यावर कळलं आणि १,४०० रुपयांच्या यूपीएसला वरून एक दुहेरी वायर आणावी लागली.

एक महिना दोन्ही चालू ठेवा

सगळे इथेच घाई करतात. ॲप्स घेतली, स्टिक लावली, की त्याच संध्याकाळी केबलवाल्याला फोन. तसं करू नका. एक महिना केबल चालू ठेवा, फक्त तिचा रिमोट कपाटात ठेवून द्या. महिनाभरात कुणी तो किती वेळा मागितला, ते वहीत लिहा.

आमच्याकडे पहिल्या आठवड्यात आईने सहा वेळा मागितला. आई चौऱ्याहत्तरची आहे. जुन्या रिमोटवर तिला चॅनेलांचे आकडे पाठ होते, अंधारातही लावायची. नव्या रिमोटवर आकडेच नाहीत. एक गोल कडं, मध्ये एक बटण, आणि चुकून कुठेतरी बोट लागलं की जाहिरातींची भिंत समोर येते. त्यातून आपण कुठे आहोत आणि परत कसं जायचं, ते तिला कळेना.

मग बसून केलं ते सांगतो, कारण या एका गोष्टीमुळे निम्मी घरं पुन्हा केबलकडे जातात.

पहिल्या पडद्यावरची सगळी ॲप्स काढली, तीनच ठेवली, आणि तिच्या सवयीच्या क्रमाने लावली. 'कोण बघतंय?' असं विचारणारी वेगवेगळी प्रोफाइलं तिच्या टीव्हीवरच्या खात्यातून उडवली, कारण तो प्रश्न आला की ती थांबायची आणि मला हाक मारायची. पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद केलं. आधी ती स्वयंपाकघरात जाऊन येईपर्यंत दोन भाग पुढे गेलेले असायचे आणि कुणाचं लग्न कधी मोडलं हेच तिला कळायचं नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी चालू केलं, त्यामुळे एकाच रिमोटने टीव्हीही सुरू होतो आणि बरोबर स्टिकवरच येतो. खरेदीला पिन लावला. आणि घराचं चित्र असलेल्या बटणावर लाल इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला. "आई, हरवलीस की लाल दाब." बस, एवढंच वाक्य.

रिमोट जमला तरी तक्रार संपली नाही. पुढची तक्रार मला आधी समजलीच नव्हती. सातला दिवा लावायचा, साडेसातला मालिका, ती संपली की कुकर, असा तिचा दिवस त्या मालिकेवर बेतलेला होता. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "आता वेळेचं बंधन नाही, कधीही बघ." ती म्हणाली, "कधीही म्हणजे कधी?" तिसऱ्या दिवशी ती दुपारी तीनला कालचा भाग बघत होती, आणि संध्याकाळी साडेसातला नुसती बसून होती. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकूंशी रोज रात्री फोनवर त्या भागाची चर्चा असते. काकू पुढे, ही मागे, असं झालं की बोलणंच संपलं.

तेव्हा घरात मोठी माणसं असतील तर ॲप घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा: आजचा भाग ॲपवर आज किती वाजता येतो, आणि ते चॅनेल ॲपमध्ये थेट बघता येतं का. हे प्रत्येक ॲपवर, कधी कधी प्रत्येक मालिकेला वेगळं असतं, आणि फुकट आणि पैसे भरलेल्या खात्यांनाही वेगळं असतं. आम्ही आता साडेसातलाच लावतो. ॲपवर कधीही बघता येत असलं, तरी साडेसातलाच.

ॲपचे पैसे कसे भरायचे

सगळ्यात मोठा सापळा 'मोबाइल प्लॅन'चा. स्वस्त आकडा दिसतो तो याचाच, आणि तो टीव्हीवर चालत नाही. डिसेंबर २०२१मध्ये नेटफ्लिक्सने भारतात दर उतरवले तेव्हा १४९चा प्लॅन मोबाइलचा होता आणि टीव्हीवर बघायचं तर १९९चा घ्यावा लागायचा. जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा तीन महिन्यांचा १४९चा प्लॅन मोबाइलचा आणि २९९चा टीव्हीवर चालणारा होता. दर बदलत राहतात, घेण्याच्या दिवशीचे बघा, पण मोबाइल आणि टीव्ही हा भेद कायम आहे. आमच्या चिरंजीवांनी एका ॲपचा वर्षाचा मोबाइल प्लॅन आजीसाठी म्हणून घेतला होता. पैसे परत मिळाले नाहीत. तो स्वतःच फोनवर बघतो आता, मला संशय आहे की तेच त्याच्या मनात होतं.

दुसरं, एका वेळी किती पडद्यांवर चालतं ते वाचा. दोन टीव्ही आणि एक फोन असेल तर एका पडद्याचा प्लॅन भांडणं लावतो.

तिसरं, पैसे भरले म्हणजे जाहिराती गेल्या असं नाही. स्वस्त प्लॅनमध्ये त्या असतातच, आणि प्राइम व्हिडिओवरही जून २०२५पासून भारतात जाहिराती दिसू लागल्या. नको असतील तर वेगळे पैसे.

वर्षाचा प्लॅन फक्त त्याच ॲपचा घ्या जे रोज लागतं. आमच्याकडे ते आईच्या मालिकांचं. बाकीची पाळीपाळीने घ्यावीत. एक महिना एक, ते बंद, मग दुसरं. नवीन सिनेमा आला म्हणून लगेच घ्यायची गरज नसते, सिनेमा पळून जात नाही. आणि कुठलंही ॲप घेण्याआधी आपला मोबाइल रिचार्ज आणि फायबरचा प्लॅन तपासा. त्यांच्यासोबत एखादं ॲप फुकट मिळतं आणि ते सुरूच केलेलं नसतं. आमच्यात असं एक निघालं.

ऑटोपे घेतल्या दिवशीच बंद करा. प्लॅन मुदतीपर्यंत चालूच राहतो. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, तिथे सगळी यादी एका जागी दिसते. पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना पाठवणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सक्तीचं आहे, पण ती सूचना दिवसभरच्या पन्नास मेसेजांत कोण वाचतं? आमच्या घरी कालनिर्णयवर मुदत संपायच्या तारखेला लाल गोल असतो. दुधाच्या खाड्याशेजारी.

क्रिकेट

ओटीटीवरचा सामना टीव्हीपेक्षा मागे असतो, कधी कधी अर्धा मिनिट. खालच्या मजल्यावर 'आउट' ओरडतात तेव्हा आपला बोलर अजून रनअपच्या टोकाला उभा असतो. यावर इलाज नाही. सामन्याच्या वेळी व्हॉट्सॲपचे ग्रुप म्यूट करा आणि खिडकी लावून घ्या. ज्याला हे सहनच होणार नाही त्याने आयपीएलचे दोन महिने केबल घ्यावी, मला त्यात काही चूक वाटत नाही.

फ्री डिश

डीडी फ्री डिशला महिन्याचं बिल नाही. छत्री आणि बॉक्स मिळून एकदाच दीड-दोन हजार जातात, आणि गच्चीवर मोकळं आकाश लागतं. सह्याद्री, डीडी न्यूज कायम आहेत. खासगी चॅनेलांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे एखादं आवडतं मराठी चॅनेल आज आहे आणि पुढच्या वर्षी नाही, असं होतं. एवढं चालत असेल तर गावच्या घराला, जिथे आपण वर्षातून चार वेळा जातो, याच्यासारखं दुसरं काही नाही. नेट लागत नाही, रिचार्ज संपत नाही. आम्ही गावच्या घरातली डिश बंद करून हेच लावलं.

'सगळी चॅनेलं आणि सगळी ॲप्स, वर्षाला हजार रुपये' असे चोरीचे बॉक्स आणि ॲप्स टेलिग्रामवर फिरतात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय ज्या वायफायवर तुमचं बँकेचं ॲप चालतं त्याच वायफायवर असलं काहीतरी अनोळखी बसवायचं धाडस मी करणार नाही.

केबल प्रत्यक्षात काढताना

आता बहुतेक केबलवाले इंटरनेटही देतात, त्याच वायरीवरून. तुमचं नेट आणि केबल एकाच माणसाकडून असेल तर केबल काढल्यावर नेटचा दर वाढतो का, हे आधी विचारा. कॉम्बो मोडला की सवलत जाते, आणि कधी कधी नुसतं नेट कॉम्बोपेक्षा महाग निघतं. आमच्या समोरच्यांनी न विचारता केबल तोडायला सांगितलं, तर माणूस आला आणि दोन्ही वायरी कापून गेला. दोन दिवस घरून काम बंद.

बंद करायचं ते मेसेज पाठवून, तारखेसकट. तोंडी सांगितलेलं पुढच्या पाच तारखेपर्यंत कुणाच्याच लक्षात राहत नाही. आमच्याकडे तोंडी सांगितल्यावर पुढचा महिना बिल आलंच. बॉक्स, त्याचा रिमोट, ॲडाप्टर परत द्यायचा की तो तुमच्याच मालकीचा आहे, ते बघा. परत दिला तर पोच घ्या, फोटो काढून ठेवा. डिश असेल तर काम सोपं आहे, खात्यातले पैसे संपू द्या आणि पुन्हा भरू नका. वर्षाचा रिचार्ज केलेला असेल तर तो संपायच्या दोन महिने आधी वही सुरू करा.

आता आकडा

केबलचे वर्षाला ७५७ रुपये ५६ पैशांनी ९,०९० होत होते. गेल्या वर्षी ॲप्सवर सगळे मिळून २,९०० गेले. फरक ६,१९०. त्यातून स्टिकचे ३,३०० आणि यूपीएसचे १,४०० वजा केले तर पहिल्या वर्षी हातात १,४९० रुपये राहिले. त्या दुहेरी वायरीचे आणि चिरंजीवांच्या मोबाइल प्लॅनचे मी यात धरलेले नाहीत, बायको म्हणते धरायला हवेत. यंदा स्टिक आणि यूपीएसचा खर्च नाही, तेव्हा सहा हजारांच्या आसपास राहायला हवेत, जर आयपीएलच्या वेळी कुणाचा धीर सुटला नाही तर.

केबलवाल्याचा मुलगा अजून पाच तारखेला येतो, समोरच्यांकडे. परवा आमचं दार उघडं होतं, तर आईने त्याला आत बोलावून रिमोट हातात दिला. आवाज येत नव्हता. त्याने म्यूट काढून दिलं आणि लाल टेपकडे बघून विचारलं, "आजी, हे काय?"

"हरवलं की दाबायचं," आई म्हणाली.